कूपन काढणारा सुतार : थॉमस कुक



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या बेल्लमपल्लीत घरोघर सहलीच्या गोष्टी सुरू होतात. काही वर्षांपूर्वी आपल्या समाजातली पाच कुटुंबे मिळून आम्ही जगन्नाथपुरीला गेलो होतो. सगळे पैसे महिनाभर आधी एका एजंटाकडे भरले होते. त्याने शिक्का मारलेली पावती दिली, तीवर हॉटेलचे नाव, पाच खोल्या, तीन रात्री असे सारे व्यवस्थित लिहिलेले होते. दोन गाड्या बदलून पहाटे सामानासकट हॉटेलच्या काउंटरवर उभे राहिलो, तर मॅनेजरने वही उघडून दाखवली. आमची नावे होती, पण पैसे एकाच रात्रीचे पोचले होते. मुले बाकावर झोपून गेली आणि आम्ही एजंटाला फोन लावत बसलो. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे शेवटी पुन्हा भरले. त्यांतले निम्मे एजंटाने परत केले, तेही चार महिन्यांनी.

न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या खोलीचे पैसे तिसऱ्याच माणसाच्या हाती द्यायचे, ही रीत घातली तरी कोणी? शोध घेतला तेव्हा एका इंग्रज सुताराचे चरित्र हाती लागले. नाव परिचयाचे आहे, थॉमस कुक. माणूस मात्र फारसा परिचयाचा नाही.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातल्या मेलबर्न या लहान गावी झाला. वडील लहानपणीच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो बागेत मजुरीला लागला, रोज एक पेनी. पुढे सुतारकाम शिकला. पण ओढा धर्माकडे होता, म्हणून विशीत बाप्टिस्ट पंथाचा फिरता प्रचारक झाला. १८२९ या एका वर्षात त्याने २,६९२ मैल प्रवास केला आणि त्यांपैकी २,१०६ मैल पायी! आपल्या वारकऱ्यांनीही कौतुक करावे अशी ही चाल. १८३३ मध्ये मॅरिअ‍ॅन मेसन हिच्याशी त्याचे लग्न झाले.

त्या काळी इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत दारूने संसार धुळीला मिळत होते. कोळशाच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. थॉमस दारूबंदीच्या चळवळीत शिरला. १८४१ च्या जून महिन्यात अशाच एका सभेसाठी पायी लेस्टरला जाताना त्याच्या मनात आले की, नवी आलेली रेल्वे या कामी लावली तर? ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसे खास गाडीने लेस्टरहून लफबरोला गेली आणि परत आली. भाडे माणशी एक शिलिंग. अंतर म्हणाल तर आपल्या गावाहून मंचेरियालला जावे, जवळजवळ तेवढेच. जगभरच्या सहलींच्या धंद्याचे मूळ या लहानशा फेरीत सापडते.

सुरुवात गोड झाली तरी पुढची वाट सरळ नव्हती. १८४६ मध्ये त्याने सुमारे साडेतीनशे लोकांना स्कॉटलंडला नेले. वाटेत चहा मिळेल असे सांगितले होते, तो मिळाला नाही. आगबोटीवर केबिनी कमी पडल्या आणि लोकांनी रात्र पावसात उघड्यावर काढली. त्याच वर्षी थॉमसचे दिवाळे निघाले. पैसे घेतले आणि कबूल केलेली सोय झाली नाही, तर लोक काय म्हणतात ते त्याने तेव्हा ऐकले असणार. तो पुन्हा उभा राहिला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला त्याने दीड लाखाहून अधिक माणसे नेली.

त्याच्या चरित्रातली आणखी एक बाब आम्हांला महत्त्वाची वाटते. १८५३ मध्ये त्याने लेस्टरला स्वतःचे हॉटेल काढले. तेथे दारू मिळत नसे आणि कारभार मॅरिअ‍ॅन पाहत असे. त्यामुळे प्रवाशाची भीती त्याला ठाऊक होती तशी हॉटेलवाल्याचीही. खोली अडवून ठेवावी आणि पाहुणा येऊच नये, किंवा येऊन पैसे न देता जावा, ही ती भीती.

१८६३ पासून त्याच्या तुकड्या स्वित्झर्लंडला जाऊ लागल्या. आरंभी तो स्वतः बरोबर असे आणि बिलेही स्वतः पाही. पण प्रवासी वाढले, प्रत्येकाबरोबर जाणार कसे? लोकांना परकी भाषा येत नसे, परकी नाणी कळत नसत. बिलात तर मेणबत्तीचेसुद्धा वेगळे पैसे लावलेले असत. यावर उपाय म्हणून १८६८ मध्ये त्याने हॉटेल-कूपन काढले. प्रवाशाने निघण्यापूर्वी पैसे भरून कूपनांचे पुस्तक विकत घ्यायचे. एक कूपन न्याहारीचे, एक रात्रीच्या जेवणाचे, एक खोलीचे, त्यातच दिवाबत्ती आणि नोकरांची सेवा आली. ठरलेल्या हॉटेलात कूपन फाडून द्यायचे. हॉटेलवाल्याने ती गोळा करून कुकच्या कचेरीकडे पाठवायची आणि पैसे घ्यायचे.

आपल्याकडे हुंडी याच जातीची. काशीला निघालेला यात्रेकरू पुण्या-नागपूरच्या पेढीवर रक्कम भरी आणि तिकडच्या पेढीवर हुंडी वटवी, म्हणजे वाटेत लुटले जाण्याचे भय नको. कुकने हुंडीचे तुकडे करून त्यांवर खाट आणि ताट लिहिले, असे म्हटले तरी चालेल.

मात्र एक गोष्ट नीट पाहायला हवी. प्रवाशाचे पैसे आधी जात आणि हॉटेलवाल्याला ते नंतर मिळत. मधल्या काळात दोघांचाही भरवसा एकाच माणसावर. काही हॉटेलवाले सुरुवातीला नाखूश होते. पण कूपन पाठवले की पैसे येतात आणि पाठोपाठ नवे पाहुणेही येतात, हे दिसल्यावर ते स्वतःहून यादीत नाव घालू लागले.

१८७२ मध्ये थॉमस एक तुकडी घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. २२२ दिवसांच्या त्या प्रवासात तो हिंदुस्थानातही आला. कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारा रेल्वेमार्ग १८७० मध्येच पुरा झाला होता, त्याचा त्याला फायदा झाला. पुढे १८८१ मध्ये मुंबईत कंपनीची कचेरी उघडली. मक्केच्या यात्रेकरूंची मुंबईत तिकिटांपायी फार लुबाडणूक होई, म्हणून १८८६ मध्ये सरकारने त्यांच्या प्रवासाची व्यवस्थाही या कंपनीवर सोपवली आणि ती काही वर्षे चालली.

हे मुंबईचे पर्व मात्र मुलाचे, जॉन मेसन कुकचे. बाप-लेकांचे पटले नाही. मुलगा हिशेबाचा पक्का, तर बाप धर्मकार्यात धंद्याचा पैसा घालणारा. १८७८ च्या सुमारास थॉमसला कारभारातून बाजूला व्हावे लागले. १८८० मध्ये मुलगी अ‍ॅनी घरातच न्हाणीघरात विषारी वायूने गेली, १८८४ मध्ये मॅरिअ‍ॅन गेली. थॉमसची दृष्टीही गेली. हजारोंना जग दाखवणारा हा माणूस १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे वारला.

कंपनी १९२८ मध्ये कुक घराण्याच्या हातून गेली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी कर्जापायी बंद पडली. (भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची आहे, तिला याची झळ बसली नाही.) सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशी अडकले आणि त्यांना सरकारी व्यवस्थेने घरी आणावे लागले. त्याच्या दोनच दिवस आधी ट्युनिशियातील हम्मामेत येथे एका हॉटेलने फाटक लावून घेतले होते. कंपनीकडचे पैसे थकले होते, म्हणून निघालेल्या पाहुण्यांकडे पुन्हा पैसे मागितले गेले. त्या पाहुण्यांनी तर सारे आधीच भरलेले होते. बातमी वाचताना आम्हांला पुरीचा काउंटर आठवला.

पुरीची ती पावती आमच्या कपाटात अजून आहे. तीवर एजंटाचा शिक्का आहे, हॉटेलची सही नाही. आता समाजाची सहल निघायची असली की निघण्यापूर्वी आठवडाभर आम्ही हॉटेलला थेट फोन करतो आणि आमच्या नावावर किती रात्रींचे पैसे जमा आहेत, एवढेच विचारतो.