चुकलेल्या तर्कातून गवसलेले औषध

दिवसातून आठ-दहा वेळा आव-रक्त पडणे, पोटात मुरडा, अशक्तपणा ही अल्सरेटिव्ह कोलायटिसची लक्षणे. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी त्यावर विश्रांती, पथ्य आणि शेवटी शस्त्रक्रिया याखेरीज फारसे उपाय नव्हते. पहिले भरवशाचे औषध मिळाले ते स्वीडनच्या डॉ. नॅना स्वार्ट्झ यांच्यामुळे.

त्यांचा जन्म १८९० चा. वैद्यकीय शिक्षण स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत झाले. १९२७ मध्ये त्यांनी आतड्यातील जीवाणूंवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. १९३७ मध्ये त्याच संस्थेत त्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठीय शिक्षणात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांचे मुख्य लक्ष होते सांधेदुखीकडे. संधिवाताभ, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा जंतुसंसर्गातून होतो, असा त्यांचा तर्क होता. त्या काळी सल्फा औषधे नवी होती. जंतू मारणारे सल्फापायरिडिन आणि सूज कमी करणारे सॅलिसिलेट एकाच रेणूत जोडले तर दोन्ही कामे होतील, या विचारातून त्यांनी फार्मासिया कंपनीच्या रसायनतज्ज्ञांकडून सल्फासॅलाझिन तयार करून घेतले. सांधेदुखीच्या रुग्णांबरोबरच कोलायटिसच्या रुग्णांनाही ते दिले, तेव्हा त्यांचे रक्त पडणे थांबू लागले. १९४२ मध्ये त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले.

हा परिणाम कसा होतो, हे कळायला पस्तीस वर्षे लागली. १९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ट्रूलव्ह आणि बांगलादेशाचे आझाद खान यांनी या रेणूचे दोन्ही भाग एनिमातून रुग्णांना वेगवेगळे देऊन पाहिले. गुण आला तो सॅलिसिलेटच्या भागाने, म्हणजे ५-एएसएने. सल्फाचा भाग केवळ वाहनाचे काम करतो. जोडलेला रेणू लहान आतड्यातून बराचसा तसाच पुढे जातो आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू तो तोडतात. ज्या जीवाणूंच्या जगावर स्वार्ट्झ यांनी तरुणपणी प्रबंध लिहिला, तेच औषध मोकळे करत होते. मळमळ, डोकेदुखी, पुरळ असे बरेचसे त्रास सल्फामुळे होतात, हेही पुढे स्पष्ट झाले. त्यातून केवळ ५-एएसए असलेले मेसालामाइन आले. सौम्य ते मध्यम आजारात आज प्रामुख्याने तेच वापरतात. आजार गुदाशयापुरता असेल, तर तेच सपोझिटरी किंवा एनिमातून देतात.

संधिवाताच्या उपचारात सल्फासॅलाझिन मधली अनेक वर्षे मागे पडले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते तिथेही परतले. स्वार्ट्झ यांचे निधन १९८६ मध्ये झाले. त्यांचा जंतुसंसर्गाचा तर्क टिकला नाही, पण औषध दोन्ही आजारांत टिकले.

या औषधाचा आणखी एक गुण १९६५ च्या ब्रिटिश अभ्यासातून पुढे आला. बरे वाटल्यावरही ज्यांनी गोळी चालू ठेवली, त्यांच्यात आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण बरेच कमी होते. नेमके इथेच आजही रुग्ण चुकतात. रक्त थांबले की गोळी बंद होते आणि काही महिन्यांत त्रास परत येतो. आतड्याची सूज वर्षानुवर्षे धुमसत राहिली तर कर्करोगाचा धोकाही वाढतो. त्यामुळे गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. मेसालामाइनची गोळी चावू किंवा कुटू नये. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नयेत, त्यांनी आजार उसळू शकतो. औषध चालू असताना मूत्रपिंडाची तपासणी आणि सल्फासॅलाझिन घेत असल्यास रक्तपेशी व यकृताचीही तपासणी ठरल्या वेळी करावी. सल्फाची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडीचे जलद ठोके असतील, तर केवळ या गोळ्यांवर विसंबू नये. अशा वेळी स्टेरॉइडची गरज असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरून महिने घालवू नयेत. दुर्बिणीच्या तपासणीत निदान स्पष्ट होऊ शकते.