एपिक्युरसची बाग : ज्ञानाचे दार कोणासाठी?

इंग्रजी शब्दकोशात ‘एपिक्युअर’ हा शब्द पाहिला तर अर्थ सापडतो : चोखंदळ खवय्या, खाण्यापिण्याचा शौकीन. ज्या माणसाच्या नावावरून हा शब्द आला, तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस मात्र साध्या पाव-पाण्यावर राहत असे आणि थोडे चीज मिळाले तरी ती मेजवानी समजत असे. विचार खोडता आला नाही की माणसाच्या चारित्र्यावर चिखल उडवायचा, ही रीत जुनी आहे. आपल्याकडेही चार्वाक म्हटले की कर्ज काढून तूप पिणारा, एवढेच बहुतेकांना आठवते. त्याचे स्वतःचे लिखाण उरले नाही, विरोधकांनी सांगितलेले उरले. एपिक्युरसचेही बरेचसे तसेच झाले. म्हणून त्याचे आयुष्य आपण नीट समजून घेतले पाहिजे.

एपिक्युरसचा जन्म इ.स.पूर्व ३४१ मध्ये सॅमोस बेटावर झाला. वडील निओक्लिस हे अथेन्समधून येऊन तिथे वसलेले नागरिक. ते शाळामास्तर होते आणि त्या काळी हा काही मानाचा धंदा नव्हता. विरोधक पुढे त्याला यावरूनही हिणवत. लहानपणी शाळेत सृष्टीच्या उत्पत्तीची कविता शिकवताना सगळे आधी शून्यातून, म्हणजे ‘केऑस’मधून आले असे सांगितले गेले. तेव्हा केऑस म्हणजे नेमके काय, हे शिक्षकांना सांगता आले नाही. तिथून हा मुलगा तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी हकिकत जुन्या चरित्रात आहे.

अठराव्या वर्षी तो लष्करी शिक्षणासाठी अथेन्सला गेला. त्याच सुमारास, इ.स.पूर्व ३२३ मध्ये, सिकंदर मेला. त्यानंतरच्या उलथापालथीत सॅमोसवरच्या अथेनियन वसाहतकऱ्यांना हुसकावून लावण्यात आले. एपिक्युरसचे कुटुंब निर्वासित होऊन कोलोफोनला गेले. घर, जमीन, नगर यांतले काहीच कायमचे नसते, हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी अनुभवले होते. पुढे मायटिलिनी आणि लॅम्पसॅकस इथे शिकवून तो इ.स.पूर्व ३०६ च्या सुमारास अथेन्सला परतला. शहराच्या वेशीबाहेर ८० मिना मोजून त्याने एक बाग विकत घेतली. तीच त्याची शाळा झाली.

आम्ही वस्त्यांमध्ये अभ्यासिका चालवतो, तेव्हा कोण येते यापेक्षा कोण येत नाही हे आधी पाहतो. हाच निकष अथेन्सला लावू. प्लेटोच्या अकादमीत भूमितीला मोठा मान होता. तिथे शिकलेल्या दोनच स्त्रियांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत आणि त्यातली एक पुरुषांचे कपडे घालून वावरत असे. एपिक्युरसच्या बागेत मात्र थेमिस्टा ही तिच्या नवऱ्याबरोबर शिकत होती. लिऑन्टियन ही गणिका समजली जाणारी स्त्री तिथे शिकली आणि तिने थिओफ्रॅस्टससारख्या मोठ्या विद्वानाच्या विरोधात ग्रंथ लिहिला. दोन शतकांनंतरही रोमचा सिसेरो याच गोष्टीवर नाक मुरडताना दिसतो. बागेत गुलामही चर्चेला बसत. त्यातला मिस नावाचा गुलाम तत्त्वज्ञ म्हणून ओळखला गेला.

एपिक्युरस शिकवत काय होता? जग अणूंचे आणि पोकळीचे बनले आहे. आत्माही अणूंचाच आहे आणि शरीराबरोबर विखुरतो. मेल्यावर भोगायला कोणी उरतच नाही, मग मरणाची भीती कशाला? देव असले तरी ते माणसाच्या भानगडीत पडत नाहीत. वीज, ग्रहण, भूकंप यांना नैसर्गिक कारणे असतात. त्याच्या मते सुख म्हणजे शरीराला वेदना नसणे आणि मनाला धास्ती नसणे. ज्यांचे पोट लोकांच्या भीतीवर चालते, त्यांना हे परवडणारे नव्हते.

पण त्याची बाजू घेताना त्याच्या मर्यादा झाकायचे कारण नाही. गणिताशी त्याचे कधी जमले नाही. वस्तूचे अनंत तुकडे करता येत नाहीत, असे त्याचे मत होते. भूमिती तर रेषा कितीही विभागते. पॉलीएनस हा नावाजलेला गणिती त्याच्या संगतीत आला आणि भूमितीच खोटी मानू लागला. सूर्य दिसतो साधारण तेवढाच असावा, असेही एपिक्युरस म्हणत असे. त्याच सॅमोस बेटावर जन्मलेल्या अरिस्टार्कसने भूमितीच्याच आधारे दाखवले की सूर्याचा व्यास पृथ्वीच्या निदान सहा पट आहे. खरा आकडा शंभराच्या वर निघाला, पण दिशा अरिस्टार्कसची बरोबर होती. भीती घालवण्यापुरते विज्ञान घेतले आणि मोजमाप सोडले की असे होते.

दुसरी मर्यादा राजकारणाची. लोकांच्या नजरेआड शांत जगावे, असा त्याचा सल्ला होता. बागेत गुलामाला शेजारी बसवले, पण बागेबाहेरच्या गुलामीला त्याने हात लावला नाही.

तरी संकटात त्याची माणुसकी दिसली. इ.स.पूर्व २९५ च्या सुमारास डेमेट्रियसने अथेन्सला वेढा घातला. शहरात अन्नान्न दशा झाली. तेव्हा एपिक्युरस घेवड्याचे दाणे मोजून सोबत्यांना सारखे वाटून देत होता, असे प्लुटार्कने नोंदवले आहे.

इ.स.पूर्व २७० मध्ये मूतखड्याच्या आजाराने चौदा दिवस वेदना सोसून तो वारला. त्याचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्याचा वारस हर्मार्कस हा अथेन्सचा नागरिक नसल्याने जमिनीचा मालक होऊ शकत नव्हता. म्हणून एपिक्युरसने बाग दोन नागरिकांच्या नावे केली आणि ती हर्मार्कस व सोबत्यांच्या वापरासाठी राहील अशी अट घातली. दिवंगत मित्रांच्या मुलांच्या पालनपोषणाची सोय केली. मिस, निसियस, लायकॉन आणि फेड्रियम ही स्त्री, अशा चार गुलामांना मुक्त केले. आपण मात्र विचारले पाहिजे : जो शेजारी बसून तत्त्वज्ञान बोलत होता, त्याला माणूस म्हणून मोकळे व्हायला मालकाच्या मरणाची वाट का पाहावी लागली?

त्याने सुमारे ३०० गुंडाळ्या लिहिल्या. आज तीन पत्रे, काही वचने आणि व्हेसुव्हियसच्या राखेखाली जळालेल्या गुंडाळ्यांतले तुकडे उरले आहेत. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंडा गावी, डायोजिनिस नावाच्या म्हाताऱ्याने स्वतःच्या खर्चाने ही शिकवण एका लांबलचक भिंतीवर कोरून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला, परक्यालाही वाचता यावी म्हणून. १८८४ मध्ये त्या भिंतीचे दगड पुन्हा सापडले.

ज्ञान जपायचे तर ते कुलपात ठेवून नाही, रस्त्यावर मांडून जपायचे, हे त्या म्हाताऱ्याला कळले होते. आम्हाला एपिक्युरसचा खरा वारसा तिथे दिसतो. त्याने बागेचे दार उघडले; त्याच्या अनुयायाने भिंत रस्त्याला लावली. बागेबाहेर जे तसेच राहिले, ते बदलणे हे पुढच्यांचे काम आहे.