लॉर्ड लिस्टर व त्यांचें तुषारयंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इस्पितळांत पाय कापण्याचा प्रसंग येणें म्हणजे निम्में मरणच होतें. क्लोरोफॉर्मनें वेदना टळत. परंतु पुढें जखम सडून रोगी दगावे.

ही स्थिति पालटणारे जोसेफ लिस्टर ता. ५ एप्रिल १८२७ रोजीं इंग्लंडांत अप्टन येथें एका क्वेकर कुटुंबांत जन्मले. सूक्ष्मदर्शकाचीं भिंगें सुधारण्याबद्दल त्यांच्या वडिलांचा लौकिक होता. १८६० सालीं लिस्टर ग्लासगो येथें शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक झाले. तेथें १८६४ व १८६६ या सालांत त्यांनीं अवयव कापलेल्या ३५ रोग्यांपैकीं १६ मरण पावले.

१८६५ सालीं पाश्चर यांचें संशोधन त्यांच्या वाचनांत आलें. कुजण्याचें कारण सूक्ष्म जंतु असतील, तर जखमही तेच सडवीत असले पाहिजेत, असें त्यांनीं ताडलें. कार्लाइल शहरीं सांडपाण्याची दुर्गंधि घालविण्यास कार्बोलिक ॲसिड वापरीत. त्याच औषधांत भिजविलेली पट्टी त्यांनीं पाय मोडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर बांधली. जखम सडली नाहीं व सहा आठवड्यांत हाड सांधलें. १८६७ ते १८६९ या काळांत ४० रोग्यांपैकीं सहाच दगावले.

हवेंतील जंतूही मारावे म्हणून १८७१ च्या सुमारास त्यांनीं कार्बोलिकचे सूक्ष्म तुषार उडविणारें यंत्र योजिलें. प्रथम तें हातानें चालवीत. पुढें वाफेवर चालूं लागलें. त्या धुक्यांतच शस्त्रक्रिया चाले. वैद्यांचे हात भाजल्यासारखे होत व खोकला येई. १८७१ सालीं बालमोरल येथें व्हिक्टोरिया राणीचें काखेंतील गळूं त्यांनीं याच तुषारांत फोडलें.

पण अनुभवान्तीं त्यांस कळून आलें कीं, हवेपेक्षां हात, हत्यारें व पट्ट्या यांपासूनच खरा धोका आहे. तेव्हां ज्या यंत्रावर जगानें विश्वास ठेविला, तें त्यांनीं स्वतःच सोडलें, आणि १८९० सालीं बर्लिन येथील वैद्यक परिषदेंत भरसभेंत आपली चूक कबूल केली. मूळ तत्त्व मात्र टिकलें. १८९७ सालीं ते लॉर्ड झाले; ता. १० फेब्रुवारी १९१२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, नवें शोधून काढणारे पुष्कळ असतात. परंतु आपलाच शोध चुकीचा ठरतांच तो टाकून देणारे विरळा. असंख्य रोग्यांचे प्राण वांचविणाऱ्या या पुरुषाचें खरें मोठेपण त्यांतही आहे.