रक्तातील मद्याचे गणित मांडणारा विडमार्क

भिवंडीजवळ मुंबई-नाशिक महामार्गावर रात्रीच्या नाकाबंदीत पोलीस ट्रकचालकाच्या तोंडापुढे श्वासविश्लेषक यंत्र धरतात, तेव्हा त्यावर उमटणाऱ्या आकड्यामागील शास्त्राचा पाया एका स्वीडिश संशोधकाने घातलेला असतो. एरिक विडमार्क हे त्यांचे नाव.

१८८९ मध्ये स्वीडनच्या हेलसिंगबोर्ग येथे जन्मलेल्या विडमार्क यांनी लुंड विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले व पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध शरीरातील अॅसिटोनविषयी होता. मधुमेही रुग्णाच्या श्वासाला येणारा हाच वास अनेकदा दारूचा समजला जातो, हा योगायोग मोठा बोलका आहे. कारण त्या काळी चालक नशेत होता की नाही, याचा निवाडा तोंडाचा वास, अडखळती जीभ आणि सरळ रेषेत चालून दाखविणे यांवरच होई. मुरलेला मद्यपी सहज सुटे आणि आजारी माणूस नाहक अडकण्याची भीती असे.

१९२२ मध्ये विडमार्क यांनी यावर उत्तर शोधले. बोटाच्या टोकातून किंवा कानाच्या पाळीतून घेतलेले रक्ताचे काही थेंब त्यांना पुरत. बंद काचपात्रात ते हलके तापविले की मद्याची वाफ होऊन ती डायक्रोमेटच्या आम्ल द्रावणात शोषली जाई. किती डायक्रोमेट खर्ची पडले, यावरून मद्याचे प्रमाण काढता येई. १९३२ च्या ग्रंथात त्यांनी पुढचे गणित मांडले. मद्य शरीरातील पाण्यात पसरते. म्हणून पुरुषाच्या वजनाचा सरासरी ६८ टक्के, तर स्त्रीच्या वजनाचा ५५ टक्के भाग हिशेबात धरायचा. रक्तातील प्रमाण मात्र तासाला जेमतेम १५ मिलिग्रॅमने (दर १०० मिलिलिटरमागे) उतरते. हे आकडे माणसागणिक बदलतात, याची त्यांना पुरती जाणीव होती. सूत्र वापरणाऱ्या वकिलांना ती नेहमीच राहिली असे नाही!

स्वीडनने १९३४ मध्ये संशयित चालकांच्या रक्ततपासणीस कायद्याचा आधार दिला आणि १९४१ मध्ये ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. १९४५ मध्ये विडमार्क निवर्तले. त्यांच्या देशाने ही मर्यादा १९५७ मध्ये ५० वर आणि १९९० मध्ये २० वर आणली. भारतात मोटार वाहन कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने ती ३० मिलिग्रॅम ठरली.

विडमार्क यांचे सूत्र भिवंडीच्या गोदामांतून पहाटे माल घेऊन निघणाऱ्या चालकाला लावून पाहावे. ७० किलो वजनाच्या पुरुषाने रात्री अकराच्या सुमारास रिकाम्या पोटी व्हिस्कीची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, रिचविली तर सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्य पोटात जाते आणि रक्तातील प्रमाण १३० मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचू शकते. पाच तासांची झोप झाली, डोके हलके वाटू लागले, तरी पहाटे चार वाजता त्यातील ५५ मिलिग्रॅम रक्तात उरलेलेच असते. थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी, नाक्यावरचा कडक चहा यांनी झोप उडते. यकृताचा वेग वाढत नाही. ट्रक मात्र तेव्हा महामार्गाला लागलेला असतो.