कमला सोहोनी

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, इ.स. १९११ - इ.स. १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

शिक्षण

मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. त्या स्त्री असल्यामुळे संचालक सी.व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी हा नकार स्वीकारला नाही. अखेर वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे यश पाहून रामन यांनी पुढे इतर विद्यार्थिनींनाही प्रवेश दिला. केंब्रिज विद्यापीठात वनस्पतींमधील सायटोक्रोम-सी या प्रथिनावर संशोधन करून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

पोषणविषयक संशोधन

कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत रुजू झाल्या. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. नीरेत क जीवनसत्त्व व लोह असते आणि कुपोषित मुले व गर्भवती स्त्रियांना पूरक आहार म्हणून ती उपयुक्त ठरते, असे त्यातून दिसून आले. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या मात्रेत घेतल्यास जुलाब, पोटदुखी व काहींना मूतखडे होऊ शकतात. नेहमीच्या आहारातून मिळणाऱ्या मात्रेत सहसा हा धोका नसतो. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

ग्राहक चळवळ

कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षेविषयी लेखन केले.