कर्मवीर भाऊराव पाटील : एका आयुष्याच्या अवस्था

मागील घटकात आपण एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या मनोसामाजिक विकासाच्या आठ अवस्था अभ्यासल्या. प्रत्येक अवस्थेत माणसासमोर एक पेच उभा राहतो आणि तो कसा सुटतो यावर पुढील वाटचाल अवलंबून असते, हे त्या मांडणीचे सूत्र आपणांस आठवत असेल. सूत्र एका खऱ्या आयुष्याला लावून पाहिले म्हणजेच ते कोठे बसते आणि कोठे अपुरे पडते, हे कळते. त्या दृष्टीने या पाठात रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र पाहावयाचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. ते आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते व त्यांच्या बदल्यांमुळे मुलांची शाळा गावोगाव फिरली. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या विहिरीचा रहाट लहानग्या भाऊरावांनी मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. शालेय वयाच्या अवस्थेत एरिक्सन उद्यमशीलता आणि न्यूनत्वभावना यांचा झगडा पाहतात. शाळा ही त्या झगड्याची मुख्य भूमी. या मुलाची उद्यमशीलता मात्र शाळेच्या बाहेरच अधिक दिसली. अभ्यासात ते कधी चमकले नाहीत आणि त्यांचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले.

पौगंडावस्थेचा प्रश्न असतो तो मी कोण, हा. भाऊरावांपुढे तो कोल्हापुरात उभा राहिला. तेथे ते राजाराम हायस्कूलात शिकत आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते हजर राहिले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. आपण काय नाही, हे या तरुणाला विशीतच ठामपणे कळले होते. आपण काय आहोत, हे कळावयास मात्र आणखी एक तप जावे लागले.

हे तप आपण जरा सावकाश पाहू, कारण चरित्रकार बहुधा येथूनच घाईने पुढे जातात. १९०९ च्या सुमारास त्यांचा विवाह कुंभोजच्या पाटील घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. मित्रांच्या साहाय्याने त्यांनी सांगलीजवळील दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. ओगले काचकारखाना आणि साताऱ्याचा कूपर कारखाना यांच्याशीही त्यांचा संबंध आला. एरिक्सन ज्याला स्व-ओळखीसाठी मिळालेली मोकळी मुदत म्हणतात, तिचे हे ग्रामीण रूप होय. फरक एवढाच की संसार मागे असल्यामुळे ही मुदत मोकळी नव्हती. (स्वतः एरिक्सन यांच्याकडेही विद्यापीठाची पदवी नव्हती आणि ऐन तारुण्यात तेही चित्रे काढत युरोपभर भटकले होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.) नांगर विकताना भाऊरावांना शेतकऱ्याच्या घराचे अंतरंग दिसले. अक्षरओळख नसल्याने कर्जाच्या कागदावर अंगठा उठविणारा बाप आणि शाळेऐवजी गुरांमागे जाणारा मुलगा त्यांनी शेकडो उंबऱ्यांवर पाहिला.

याच काळात, १९१४ साली, डांबर प्रकरण घडले. कोल्हापुरातील पुतळ्यास डांबर फासल्याचा संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले, तिच्या कारभारात हेच लठ्ठे प्रमुख होते. जुना राग काढण्याची संधी समोर असताना भाऊरावांनी साक्ष नाकारली. त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तेथील छळात जीवन संपविण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. एरिक्सन यांच्या परिभाषेत एकनिष्ठा हे स्व-ओळखीच्या अवस्थेचे फलित आहे. ती येथे सत्ताविसाव्या वर्षी आणि एवढी किंमत देऊन सिद्ध झालेली दिसते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मध्यमवयातील अवस्थेला आपण संगोपनवृत्ती विरुद्ध साचलेपण असे म्हटले आहे. पुढील पिढीची काळजी वाहणे हा तिचा गाभा, आणि भाऊरावांचे नाव या अवस्थेचे ठळक उदाहरण म्हणून घेता येते.

तथापि येथे विद्यार्थ्यांनी थांबून विचारावे की हे संगोपन प्रत्यक्षात कोण करीत होते? भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरत असताना मुलांचा स्वयंपाक, आजारपण, रात्रीअपरात्रीची विचारपूस लक्ष्मीबाईंकडे होती. त्या सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातून आल्या होत्या. आरंभी सर्व जातींच्या मुलांत वावरणे त्यांना जड गेले. पुढे तीच मुले त्यांची झाली. प्रौढ वयात माणूस बदलतो याचा याहून स्पष्ट दाखला आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच सापडेल. बोर्डिंगसाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले आणि मुलांना खावयास काही उरले नाही तेव्हा मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. एरिक्सन यांच्या तक्त्यात अवस्था एका व्यक्तीच्या असतात. येथे एकाची अवस्था दुसऱ्याच्या आयुष्यावर उभी आहे. शिवाय तक्त्यात स्व-ओळख आधी आणि आत्मीयता नंतर येते. या दांपत्यात विवाह आधी झाला आणि पतीची ओळख दहा वर्षांनी ठरली. त्या काळच्या बहुतेक मराठी घरांत क्रम हाच असल्यामुळे हा अपवाद मानता येत नाही.

पत्नीच्या मृत्यूनंतर भाऊरावांचे काम थांबले नाही. १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले. १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात मुले श्रम करून शिकू लागली. कमवा आणि शिका ही योजना तेथे रुजली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजचे नाव बदलण्याची सूचना त्यांनी धुडकावली, असे सांगतात. स्वातंत्र्यानंतर सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले, तेव्हा गाडगे महाराज त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९५४ साली कराड येथे निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी त्यांचेच नाव दिले.

शेवटच्या अवस्थेत माणूस मागे वळून आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो. भाऊरावांना त्यासाठी फारशी सवड मिळालेली दिसत नाही. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंना जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती.