सर फिरोजशहा मेहता

मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीसमोर एक पुतळा आहे. तो सर फिरोजशहा मेहता यांचा. शहराचा कारभार लोकांच्या नजरेखाली चालावा म्हणून ते जन्मभर झटले.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईतील शिक्षण संपवून ते इंग्लंडला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले.

त्या वेळी शहराचा सारा कारभार आर्थर क्रॉफर्ड या आयुक्तांच्या हाती होता. क्रॉफर्ड मोठे कर्तबगार होते. त्यांनी शहर स्वच्छ केले, रस्ते आणि बाजार बांधले. परंतु खर्चाला धरबंध राहिला नाही. पालिकेला कर्ज झाले. करदाते संतापले. आयुक्ताच्या हातून सत्ता काढून ती एका मंडळाकडे द्यावी, अशी मागणी १८७१ मध्ये जोर धरू लागली.

तेव्हा तरुण फिरोजशहा भर सभेत बोलायला उभे राहिले. त्यांचे मत अगदी वेगळे होते. दोष एका माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, असे त्यांनी सांगितले. काम अनेकांच्या हाती गेले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही. म्हणून काम करणारा अधिकारी एकच असावा. मात्र त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभासदांची देखरेख असावी. श्रोत्यांना हे रुचले नाही. त्यांनी आरडाओरडा केला. तरीही फिरोजशहांनी आपले मत सोडले नाही.

१८७२ मध्ये नवा कायदा झाला. पालिकेच्या ६४ सभासदांपैकी निम्मे करदाते निवडू लागले. फिरोजशहाही सभासद झाले. पुढे सरकारने आयुक्ताला जादा अधिकार देणारा मसुदा आणला. फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी विधिमंडळात तो बराच बदलून घेतला. तोच १८८८ चा कायदा. मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो.

फिरोजशहा चार वेळा पालिकेचे अध्यक्ष झाले. पालिकेचे हिशेब आणि नियम बारकाईने अभ्यासूनच ते सभेत येत. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन असे. त्यांचा दरारा काहींना खुपे. १९०७ मध्ये काही युरोपीय अधिकाऱ्यांनी त्यांना पालिकेबाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. माणसे येतात आणि जातात. चांगली व्यवस्था मात्र मागे राहते. फिरोजशहांनी मुंबईला अशी व्यवस्था दिली.